शेवटच्या वावराची बावीस मिनिटं

रविवार, ९ मार्च २०२५. रक्कम तीस हजार सातशे एकावन्न रुपये. हजर: सामायिक विहिरीचे आठ हिस्सेदार, म्हणजे मी धरून सात पुरुष आणि माझी चुलत काकी. जागा: हिस्सेदारांत वयाने सर्वांत मोठे असलेल्या आबांचा ओटा. रक्कम मी काकीला द्यायची होती. ती उसनी घेतलेली नव्हती आणि कोणी मागितलेलीही नव्हती. माझ्या हातून झालेल्या एका चुकीची ती किंमत मीच काढली होती, आणि ती बरोबर आहे अशी माझी त्या दिवसापर्यंत खात्री होती.

चूक मी शेतात केली नाही. शहाद्याला राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून केली, आणि करताना मी खूश होतो.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. वय एक्कावन्न. ब्राह्मणपुरीच्या अलीकडे आमचं गाव, तिथे माझी पावणेतीन एकर जमीन आहे. शेत वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालदार बघतो, मी रविवारी जातो. मोबाईलची अ‍ॅप बनवायला मी चाळिशीनंतर शिकलो, सुट्यांच्या दिवशी, स्वतःच्या हौसेने. तीन बनवली. एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी, एक शहादा–धडगाव रस्त्यावर चार जीप चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसासाठी, आणि एक आमच्या विहिरीच्या पाणीपाळीसाठी. पहिल्या दोन्हींचं मला कौतुक होतं. तिसऱ्याचा अभिमान होता.

विहिरीची रीत आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आठ हिस्से. प्रत्येकाची पाळी चारशे ऐंशी मिनिटांची, म्हणजे मोटार चालू असलेल्या आठ तासांची. विहिरीला अगदी लागून माझं वावर आहे. तिथून जमिनीखालून पाईप निघतो आणि एकेकाच्या बांधाशी तोंड काढत थोडा चढ चढून काकीच्या वावरात संपतो. मोटार चालू केली की माझ्या वावरात लगेच पाणी पडतं. काकीच्या वावरात पडायला आधी अख्खा पाईप भरावा लागतो. वीज गेली की पाईपातलं पाणी उलटं विहिरीत उतरतं, आणि वीज आली की पुन्हा पहिल्यापासून भरणी. आमच्याकडे एका पाळीत वीज दोनतीनदा तरी जाते. म्हणून जुन्या माणसांनी ठरवलेलं होतं की शेवटच्या वावराची भरणी पाळीत धरायची नाही. तिथे पाणी पडलं की वावरातला माणूस मोठ्याने हाळी देई, "पानी उनं रेऽऽ!" आणि हाळीपासून वेळ मोजायचा. मधल्या सहा जणांची भरणी थोडी, ती ज्याची त्याने सोसायची. शेवटच्याची जी मिनिटं वाढतील, ती विहिरीला लागून ज्याचं वावर आहे त्याने आपल्या पाळीतून सोडायची. म्हणजे काकीच्या घराला जेवढी मिनिटं जास्त, तेवढी मला कमी. जवळच्याने लांबच्याला द्यायचं. माझे वडील देत आले, मीही देत होतो.

२०१९ मध्ये मी हे सगळं मोबाईलवर आणलं. पंपाच्या खोलीत स्टार्टरशेजारी एक जुना फोन कायमचा लावला. मोटार चालू-बंद झाली की त्यात नोंद पडे आणि आठही जणांच्या फोनवर दिसे. पाळी संपली की घंटा वाजे. वहीवरची भांडणं थांबली. पण हाळीचं काय करायचं? तेव्हा काका हयात होते. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ, या काकीचे यजमान. ते म्हणाले, हाळीऐवजी मिनिटं ठरवून टाक, पण मोजून ठरव. एका सकाळी मी पंपावर आणि काका त्यांच्या बांधावर, दोघांच्या हातात घड्याळ, कानाला फोन. पाईप रिकामा होऊ द्यायचा, मोटार लावायची, पाणी पडायची वाट बघायची. पहिल्यांदा एकवीस मिनिटं, दुसऱ्यांदा तेवीस. मी म्हटलं, बावीस धरू.

"आजून एकदाव मोज," काका फोनवर म्हणाले. "तुन्हा कागदवर मना इस्वास शे, तुन्हा घाईवर नही."

तिसऱ्यांदा बरोबर बावीस आली. त्या बावीस मिनिटांसाठी मी प्रोग्रॅमचा एक वेगळा छोटा तुकडा लिहिला. मोटार थांबून पुन्हा सुरू झाली की तो शेवटच्या पाळीत बावीस मिनिटं वाढवी आणि माझ्या पाळीतून तेवढीच वजा करी. असा वेळ जोडण्या-तोडण्याचं काम जीपच्या अ‍ॅपलाही लागायचं, घाटात रस्ता बंद झाला की थांबलेला वेळ फेरीतून वगळायला. म्हणून तो तुकडा मी दोन्ही प्रोजेक्टच्या बाहेर, शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवला आणि दोन्हीकडून त्याला हाक मारण्याची सोय केली. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही, हा माझा नियम. कार्यालयातही तो पाळतो.

काका २०२२ च्या हिवाळ्यात गेले. दोन मुली, दोघी सुरतेकडे दिलेल्या. सगळ्यांना वाटलं काकी वावर कोणाला तरी अर्ध्या हिश्शाने देऊन टाकेल. काकीने दिलं नाही. २०२३ च्या जुलैत तिने स्वतः केळीची आठशे रोपं लावली. आबा तिला ओट्यावरून म्हणाले होते, "वहिनी, केळी काय अंगनमानी तुळस शे का, तांब्याभर पानी टाकं आनि व्हयनं?" काकी म्हणाली, "तुळसबी तुम्हना घरमा वहिनीच जगाडस, आबा." लोक हसले. त्या वेळी ते आबांना हसले होते.

त्याच पावसाळ्यात दोघा हिस्सेदारांनी नवे फोन घेतले आणि त्यांच्यावर माझं अ‍ॅप बसेना. फोन सांगे, हे जुन्या पद्धतीचं आहे. चूक फोनची नव्हती. मी ज्या सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅप बनवत होतो तेच मागे पडलं होतं. ते चालवणाऱ्यांनी कधीच सांगून ठेवलं होतं की आता नवीन वातावरणात, म्हणजे अ‍ॅप बनवायच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये, या. मी चालढकल केली होती, कारण जुना लॅपटॉप चालत होता आणि चालणाऱ्या गोष्टीला हात लावू नये असं मला वाटतं. आता इलाज नव्हता. नवीन लॅपटॉप घेतला. पंधरा ऑगस्टला जोडून सोमवारची रजा टाकली, चार दिवस मिळाले. तिन्ही प्रोजेक्ट न्यायचे होते. पाण्याचं आधी घेतलं, कारण पावसाळा संपला की पाळ्या सुरू होणार.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: घर बदलण्यासारखं ते वाटतं, पण तसं नसतं. घर बदलताना सामान तुमच्या डोळ्यांसमोर गाडीत चढतं. इथे नवीन वातावरण विचारतं, जुना प्रोजेक्ट कुठे आहे, आणि आपणच आत घेतं. जे त्याला ओळखता येतं ते नवीन कप्प्यांत लावतं, जे येत नाही तिथे लाल रेघ ओढतं. पहिल्या दिवशी माझ्या पडद्यावर सत्तेचाळीस चुका होत्या. मी कागद घेतला आणि आकडा लिहून ठेवला. शनिवारी ४७, रविवारी सकाळी ३१, रविवारी संध्याकाळी १२. सोमवारी दुपारी आकडा ४ वर आला आणि मी तिथे अडकलो.

त्या चार चुका एकाच जागच्या होत्या. चार ओळी होत्या, ज्या शेजारच्या फोल्डरमधल्या त्या छोट्या तुकड्याला हाक मारत होत्या. नवीन वातावरणाने प्रोजेक्ट आत घेतला होता, पण शेजारचं फोल्डर प्रोजेक्टच्या बाहेर असल्यामुळे ते मागेच राहिलं होतं. ते आणून बसवायला एक संध्याकाळ लागली असती. मला आधी बघायचं होतं की बाकीचं सगळं नीट जोडलं जातं की नाही. म्हणून मी त्या चार ओळींच्या आधी दोन-दोन तिरप्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की ती ओळ जागेवर राहते, पण यंत्र ती वाचत नाही. शेजारी लिहिलं, "नंतर बघू." चुका शून्य झाल्या. फाईल तयार झाली, नव्या फोनवर बसली, उघडली, मोटार चालू-बंद दाखवू लागली.

मी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणालो, "शून्य."

बायको म्हणाली, "मग उचला तो लॅपटॉप, ताटं ठेवायचीत."

मी कागदावर शून्य लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि लॅपटॉप उचलला. मंगळवारी गावी जाऊन आठही फोनवर नवीन अ‍ॅप घालून दिलं. "नंतर बघू" मी पुन्हा बघितलं नाही. विसरलो, एवढंच खरं आहे. पुष्कळ वेळा मी याला दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही. ज्या कागदावर मी चुका मोजत होतो त्यावर या बंद केलेल्या चार ओळी लिहायला जागा होती. मी फक्त यंत्राने दाखवलेल्या चुका मोजत होतो.

ऑक्टोबरमध्ये पाळ्या सुरू झाल्या. पडद्यावर काकीचे ४८०, माझे ४८०. इतकं समान की कोणालाही बघून बरं वाटावं. सालदार एकदा म्हणाला, "यंदा पानी भलतं पुरी ऱ्हायनं, भाऊ." मी डायरीत लिहिलं, "यंदा वीज बरी दिसते. पपईला पाणी पुरतं." ती नोंद माझ्याच अक्षरात आहे. १७ डिसेंबर २०२३.

काकीने पहिल्यांदा सांगितलं ते जानेवारीत. मी बांधावरून जात होतो. ती सरीत फावडं घेऊन उभी होती, पाणी शेवटच्या सऱ्यांपर्यंत पोचलं नव्हतं आणि घंटा वाजून गेली होती.

"भाऊ, मना वावरले पानी पुरस नही," ती म्हणाली. "तुन्हा काकाना टाइमले पुरे. वावर तेच, विहीर तीच."

मी खिशातून फोन काढला. "हे बघ काकी, चारशे ऐंशी पूर्ण."

"मोबाईल काय म्हनस ते माले सांगू नको. वावर काय म्हनस ते देख. पुढली पाळीले ये, बांधवर बठ, घड्याळ लाई आन."

मी येतो म्हणालो. गेलो नाही. घरी बायकोला सांगितलं तर तीही म्हणाली, "एक दिवस जाऊन बसा ना. काकी उगाच बोलणाऱ्यातली नाही." मी म्हटलं, नोंद आहे, नोंदीत सगळं दिसतं. काकीची पुढची पाळी मंगळवारी होती, मला रजा टाकावी लागली असती. तिथून जूनपर्यंत काकीच्या पाळ्या तीनदा रविवारी आल्या. ते मी नंतर मोजलं.

एप्रिलमध्ये ऊन चढलं आणि घड भरायच्या वेळेलाच तिची केळी सुकायला लागली. पानं कडेने करपली. तिने आबांना सांगून सगळ्यांना बोलावलं. याच ओट्यावर, एप्रिल २०२४. ती उभ्यानेच बोलली.

"हे यंत्र उनं तवयपाईन मनं पानी तुटनं. नवं यंत्र. जुनं बरं व्हतं."

"यंत्र तेच आहे काकी," मी म्हणालो. "फक्त नव्या वातावरणात नेलंय. आतलं काही बदललं नाही."

हे वाक्य मी सात माणसांपुढे बोललो. खात्री करून नाही, खात्रीने.

"मंग हाळीनं पानी धरस का ते?" तिने विचारलं.

प्रश्न नेमका होता. त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधायला मला लॅपटॉप उघडून पाच मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "धरतं. काकांनीच मोजून दिलेली बावीस मिनिटं आहेत त्यात." आणि फोन सगळ्यांपुढे फिरवला. चारशे ऐंशी. चारशे ऐंशी. हाळीची मिनिटं धरली असती तर तिथे साडेपाचशेच्या पुढचा आकडा दिसला असता आणि माझा चारशेच्या आसपास. हे मला, अ‍ॅप बनवणाऱ्याला, दिसायला हवं होतं. मला समान आकडे दिसले आणि समान म्हणजे बरोबर वाटलं.

काकी फोनकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा मी जे बोललो ते अजून गावात बोललं जातं: "काकी, आकडा कोना सगा नही ऱ्हास."

ओटा हसला. आबा म्हणाले, "वहिनी, पानीनं नाव कसाले खराब करतस? बारे द्यावानं काम शे ते, हात पाहिजे." बारे देणं म्हणजे सरीसरीत पाणी फिरवणं. ती ते पस्तीस वर्षं करत होती. काका बांधावर बसून विडी ओढत, हे त्या ओट्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी बोललं नाही. काकी पदर सारखा करून उतरून गेली.

जुलैत केळी कापली. सातशे चौसष्ट घड निघाले, सरासरी सतरा किलो. काका असताना त्याच वावरात सरासरी साडेवीस यायची. ऑगस्टमध्ये तिने वावर तीन वर्षांसाठी अर्ध्या हिश्शाने आबांना दिलं, आणि त्यांनी तिथे ऊस लावला. आबांनी काही जबरदस्ती केली नाही. ती स्वतःच गेली आणि म्हणाली, तुम्ही म्हणत होता ते खरं, माझ्याने होत नाही. हे मला आबांनीच सांगितलं, आणि मी मान हलवली.

आता फेब्रुवारी २०२५. जीपवाल्याचा जुना फोन घाटात पडून फुटला आणि नव्यावर त्याचं अ‍ॅप बसेना. दीड वर्ष मी त्याचा प्रोजेक्ट जुन्या लॅपटॉपवरच ठेवला होता. २२ तारखेला, शनिवारी दुपारी तो नवीन वातावरणात घेतला. चुका नऊ. त्यातल्या चार ओळखीच्या. तोच शेजारचा तुकडा, तीच हाक, तीच लाल रेघ. मी मनात म्हटलं, हे पाण्याच्या वेळी आपण कसं सोडवलं होतं ते बघू, आणि पाण्याचा प्रोजेक्ट उघडला.

दोन-दोन तिरप्या रेघा. चार ओळी. "नंतर बघू."

मी किती वेळ बसलो ते सांगता येणार नाही. एरवी मला सांगता येतं. बायको चहा घेऊन आली, माझं तोंड बघून म्हणाली, "काय झालं, कोण गेलं?" मी तिला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तिला प्रोग्रॅम कळत नाही, पण अक्षरं माझी आहेत हे कळलं. मी सांगितलं तसं ती खुर्चीवर बसली.

"आधी जाऊन काकीला सांगा," ती म्हणाली. "आजच जा. आकडा नंतर काढा."

मी आजच गेलो नाही. आकडा आधी काढला. पंपाच्या फोनमध्ये सगळ्या नोंदी होत्या. ऑक्टोबर ते जून, काकीच्या सत्तावीस पाळ्या, त्यांत मोटार एकशे तीन वेळा सुरू झाली होती. एकशे तीन गुणिले बावीस, दोन हजार दोनशे सहासष्ट मिनिटं. सदतीस तास सेहेचाळीस मिनिटं. पावणेपाच पाळ्यांना काही मिनिटंच कमी. तिच्या केळीचं हे पाणी कुठे वाया गेलं नव्हतं. ओळी बंद झाल्यामुळे माझ्या पाळीतून वजा होणारी मिनिटं वजा झाली नव्हती. सगळंच्या सगळं पाणी माझ्या पपईला गेलं होतं. डायरीत मी त्याला बरी वीज म्हटलं होतं.

मग घडामागे साडेतीन किलोची तूट, सातशे चौसष्ट घड, म्हणजे सव्वीस क्विंटल चौऱ्याहत्तर किलो. कापणीच्या दिवशी गावात भाव क्विंटलला अकराशे पन्नास. तीस हजार सातशे एकावन्न. हे मी तीनदा तपासलं. त्यात दोन आठवडे घालवले. मी स्वतःला सांगत होतो की अर्धवट हिशेब घेऊन जाणं बरं नाही. खरं म्हणजे कागद हातात असल्याशिवाय तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती. आणि मी असंही ठरवलं की सगळ्यांसमोर सांगायचं, कारण तिला खोटं सगळ्यांसमोर पाडलं होतं. हे मला न्यायाचं वाटलं. तिला विचारलं नाही.

म्हणून ९ मार्च, म्हणून आबांचा ओटा. काकीला वाटलं वर्गणीचं काहीतरी असेल. ती दाराच्या बाजूला बसली. मी उभा राहून सगळं सांगितलं. चार ओळी, दोन रेघा, एकशे तीन भरण्या, सदतीस तास सेहेचाळीस मिनिटं, आणि ते पाणी माझ्या वावरात गेलं हेही. सांगून झाल्यावर एक हिस्सेदार हळूच म्हणाला, "पह्यलं वावर तुन्हं, यंत्र बी तुन्हंच. भारी जमाडं, भाऊ!" काहीजण हसले. माझ्या मनात तसं नव्हतं, एवढंच. आणि मनातलं नोंदीत दिसत नाही.

आबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "वहिनी, मी काय जबरदस्ती लिधं का वावर? मना ऊस नका तोडू, तोडनी व्हई जाऊ द्या. मंग तुम्हनं तुम्हले परत."

सगळे काकीकडे बघू लागले. मीही. मला वाटलं होतं, म्हणजे मी येताना वाटेत तसं धरूनच चाललो होतो, की वावर परत मिळालं की निदान अर्धी चूक भरून निघेल.

"हसनात तवय सगळाससमोर," ती मला म्हणाली, "आते काय सगळाससमोर रडू? घर येतास तं पानी पेतास, सांगतास."

"चुकलं काकी."

"वावर आते नको, आबा. तवय मना अंगमा जिद व्हती. आते नुसता घुटना शेतस." मग पुन्हा माझ्याकडे वळून, "तू सांगतास का मी एप्रिलमा खरं बोलनू, तं मी तवयच आजून एकदाव लाई देती केळी. एक साल मीच मन्हावर इस्वास नही ठेया. माले वाटनं, खरंच मना हातले जमत नही."

तिच्या त्या एका वर्षाची नोंद माझ्याकडे नव्हती. मी कागद पुढे केला आणि रक्कम वाचून दाखवली. ती अक्षरं वाचते, आकडे तर पटकन वाचते. तिने कागद घेतला, बोट फिरवत खाली आली आणि म्हणाली, "पन्नासनं काय?"

"कसले पन्नास?"

"घड हलका म्हनीसन व्यापारीनी क्विंटलले पन्नास कमी लायात. सगळा मालवर. माले अकराशेच भेटना."

हे मला माहीत नव्हतं. मी गावातला त्या दिवसाचा भाव धरला होता, तिला मिळालेला भाव धरला नव्हता. आणि त्या क्षणी, सगळं सांगून झाल्यावर, माफी मागून झाल्यावर, माझ्या तोंडून निघालं, "पावती आहे का?"

सवयीने निघालं. कार्यालयात दिवसातून वीस वेळा निघतं. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

"शे," काकी म्हणाली. "पन तू इचाराले नको व्हतं."

ती उठली. मी मागोमाग निघालो, म्हणत राहिलो की नको, पावती नको, मी धरतो. ती थांबली नाही. घरात गेली, डब्यातून व्यापाऱ्याची चिठ्ठी आणून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, वाच. मी वाचली. एकशे एकोणतीस क्विंटल अठ्ठ्याऐंशी किलो, दर अकराशे. तिने आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. पाणी मी प्यालो. नंतर तिनेच पपईचं विचारलं, यंदा कशी आहे. मी म्हटलं, या वर्षी बेताची आहे, कारण ओळी मी त्याच दिवशी, २२ फेब्रुवारीला, पुन्हा सुरू केल्या. ती म्हणाली, आबांच्या उसाला आता पाणी पोचतं म्हणून ते खूश आहेत.

बाकीच्या हिस्सेदारांकडून काही घेण्याचा प्रश्न नव्हता. पाणी त्यांच्याकडे गेलंच नव्हतं. बायकोने बँकेतून पैसे काढायला माझ्यासोबत येते म्हटलं, आली. मध्ये होळी होती, बँक बंद. तिने वाटेत एवढंच विचारलं की त्या एका वर्षाचं काय धरलं. मी म्हटलं, त्याचा दर मला माहीत नाही. ती म्हणाली, मला वाटलंच.

क्विंटलला पन्नासप्रमाणे सहा हजार चारशे चौऱ्याण्णव वाढले. रविवार, १६ मार्च २०२५ रोजी, काकीच्या घरी, मी, बायको आणि काकी एवढेच असताना, सदतीस हजार दोनशे पंचेचाळीस रुपये रोख काकीला दिले. तिने दोनदा मोजून घेतले.